सान मामेसची किल्ली

थामोरा शहरात दर वळणावर आठशे-नऊशे वर्षांचं एखादं चर्च उभं असतं, आणि त्यातल्या लहानसहान चर्चांची किल्ली शेजारच्या एखाद्या बाईच्या घरी असते. प्रवासी येतो, दारावरची चिठ्ठी वाचतो आणि बाईची बेल दाबतो. बेल वाजली की उठायचं. मग तोंडात घास असो की केसांना कलप.

त्यातल्याच सान मामेस चर्चची किल्ली एकेचाळीस वर्षं ओब्दुलियाकडे होती. वीतभर लांब, लोखंडी. तिच्या वजनानं ओब्दुलियाच्या प्रत्येक एप्रनचा उजवा खिसा ओघळून गेला होता. शिक्षण बेताचं, पण जीभ अशी, की कमान कोणत्या शतकातली हे विचारायला आलेले प्राध्यापक तिचं लग्न कसं जमलं ते ऐकून परत जात. एका खांबाच्या माथ्यावर गाल फुगवलेला चेहरा कोरलाय. जाणकार म्हणतात, तो वारा. ओब्दुलिया सांगे, "ही पाथरवटाची सासू. तेव्हापासून रुसून बसलीय." ही थाप तिनं स्वतः मारली होती, भांडत आलेल्या एका जर्मन जोडप्याला हसवायला. जोडपं हसलं, आणि सासू तिथं कायमची राहिली.

पुढे मोतीबिंदू वाढला आणि सासू दिसेनाशी झाली. डॉक्टरांना भिणारी ओब्दुलिया केवळ त्या गालांसाठी ऑपरेशनला तयार झाली. तीन आठवडे लेकीकडे वायादोलिदला राहायचं होतं. किल्ली तिनं दोमितिलाच्या हातात दिली. दोमितिला म्हणजे तीस वर्षांची मैत्रीण. दोघी रोज संध्याकाळी पत्ते खेळत आणि एकमेकींच्या डोळ्यांदेखत लबाडी करत. ओब्दुलियानं तिला दोन दिवस चर्चभर फिरवून सगळं पढवलं. सासूसकट.

ती परतली तेव्हा दारावर नवी चिठ्ठी होती. छापील, वर प्लास्टिकचं कव्हर. "किल्ली: दोमितिला, घर नंबर नऊ." नवे डोळे असे लख्ख, की एकही अक्षर चुकलं नाही.

ती तडक पाद्री एमिलियानोंकडे गेली.

"बाई, आता डोळ्यांना जपा," ते म्हणाले.

"डोळे मी कशासाठी कापून घेतले, फादर? तुमचं तोंड बघायला?"

"तसं ठरलंय."

"कुणी ठरवलं?"

फादरना एकदम छपराच्या गळतीची आठवण झाली आणि ते गळतीबद्दलच बोलत राहिले.

दुसऱ्या दिवशी बरोबर सव्वादोनला, ऐन जेवणाच्या वेळी, ओब्दुलियानं नऊ नंबरची बेल दाबली. दोमितिलानं गळ्यात रुमाल खोचूनच दार उघडलं.

"अगं, तू! कधी आलीस? ये की आत, हरभऱ्यांचा रस्सा गरम आहे."

"जेवायला नाही आले. प्रवासी म्हणून आलेय. चर्च बघायचंय."

"आत्ता?"

"का, बेल ऐकू नाही आली?"

दोमितिलानं रुमाल काढला. चर्चच्या दाराशी एक पोर्तुगीज जोडपंही थांबलं होतं, त्यामुळे तिला सगळी माहिती सांगणं भाग पडलं. ओब्दुलिया शहाण्या प्रवाशासारखी मागून चालत होती. कमान झाली, वेदी झाली. फुगलेल्या गालांखाली दोमितिला थांबली, घसा खाकरला आणि म्हणाली, "ही पाथरवटाची सासू. माझी आजी सांगायची."

जोडपं हसलं. ओब्दुलियानं वर पाहिलं. गाल इतके स्वच्छ तिला कधीच दिसले नव्हते. किल्ली गेली होती ती गेलीच, पण आता थापसुद्धा दोमितिलाच्या आजीची झाली होती.

जोडपं गेल्यावर तिनं विचारलं, "दोमी, खरं सांग. फादरनी तुला किल्ली दिली, की तू मागितलीस?"

दोमितिला किल्ली या हातातून त्या हातात करत राहिली. "लोक किती प्रेमानं बोलतात गं. माझ्याकडे घरी कोण येतं? तूच काय ती. आणि तीही पत्त्यांना."

"विचारलंय त्याचं उत्तर दे."

"मागितली."

ओब्दुलियानं मान हलवली. "संध्याकाळी पत्ते?" दोमितिलानं हळूच विचारलं.

"पत्ते मैत्रिणीशी खेळतात, बाई. मी प्रवासी," ओब्दुलिया म्हणाली. "उद्या येते. याच वेळेला."

आणि ती रोज जाऊ लागली.