गणपतरावांचं घरचं नाव

नागपूरच्या जरीपटक्यात गणपतरावांचा आवाज ओळखत नाही असा माणूस सापडला, तर त्याला तर्री-पोह्यांची प्लेट बक्षीस द्यावी. चेहऱ्याचं म्हणत नाही. चेहरा पुष्कळांना ठाऊक नव्हता, कारण तो कायम ऑटोच्या आत आणि माईकच्या मागे. पण "चला, चला, चला! आज शेवटचा दिवस! आज आले ते हसले, नाही आले ते फसले!" ही आरोळी ज्याच्या कानावर पडली नाही असा कान त्या भागात नव्हता. साड्यांचा सेल असो, गाद्यांचा असो, भागवत सप्ताह असो की कोणाची बकरी हरवलेली असो, गणपतरावांच्या भोंग्यातून निघाल्याशिवाय ती गोष्ट गावात झालीच नाही असं समजायचं. आणि गोष्ट कोणतीही असली तरी तिचा शेवटचा दिवस आजच असायचा. एका साडीवाल्याचा शेवटचा दिवस दिवाळीला सुरू झाला होता, तो होळी आली तरी संपायचं नाव घेईना.

"धंद्यात चालते बाप्पा," गणपतराव म्हणत. "पहिला दिवस म्हटलं का कोणी चपलाच घालत नाही."

माणूस मोठा टापटिपीचा. पांढरा शर्ट, केसांना तेल, बोलणं रुबाबाचं. कोणी नुसतं "गणपत" म्हटलं तर लगेच विचारायचे, "राव कुठं ठेवले गा घरी?" लोक हसायचे. पण हा रुबाब उगाच नव्हता, त्यामागे एक भीती लपलेली होती.

गणपतरावांचं घरचं नाव होतं कचरू.

त्यांचं मूळ गाव कुहीकडलं. आईनं ठेवलेलं नाव कचरू, शाळेत मास्तरांनी लावलं गणपत, आणि नागपुरात पोटापाण्याला आल्यावर "राव" त्यांनी स्वतःच जोडून घेतला. कचरू मात्र असा खोल गाडला की विचारू नका. तो फक्त घरात जिवंत होता. बायको प्रेमलता एरवी त्यांना "आयकता काय" म्हणायची, पण भांडण फारच पेटलं की पोळी लाटता लाटता भिंतीकडे बघून "कचरूजी" म्हणायची. तेवढ्यानं गणपतराव गार. आणि थोरली बहीण इंदुताई. तिला गणपत हे नाव ठाऊकच नसल्यासारखं ती वागायची. लग्नात, मांडवात, सोयऱ्याधायऱ्यांत, कुठंही दिसली की खणखणीत आवाजात "अरे कचरू!"

आता तुम्हीच बघा. जरीपटक्यात रोज सकाळी कचरागाडी येते, भोंगा वाजवत. गणपतरावांचा ऑटोही येतो, भोंगा वाजवत. अशा माणसाचं नाव कचरू आहे हे तिथल्या पोरांना कळलं असतं, तर त्याला रस्त्यानं चालणं मुश्कील झालं असतं. गणपतरावांची ती भीती काही खोटी नव्हती.

तर एप्रिलातली गोष्ट. ऊन मी म्हणत होतं, घराघरात कूलर घरघरत होते. गणपतरावांची सून श्वेता परिचारिका. तिच्याकडे गोवराच्या लसीचं शिबीर आलं होतं, त्याच वस्तीतल्या हनुमान मंदिराच्या सभागृहात. मागच्याच गल्लीत दोन पोरांना गोवर निघाला होता आणि त्यातल्या एकाला दवाखान्यात भरती करावं लागलं होतं. तरी शिबिरात चिटपाखरू फिरकेना. शिबीर संपायच्या आदल्या दिवशी श्वेता संध्याकाळी घरी आली, पाणीसुद्धा न पिता खुर्चीवर बसली आणि रडायला लागली.

"मामाजी, उद्या झालं का शिबीर कन्हानले चाललं," ती म्हणाली. "गल्लीत सुई न झालेले इतके लेकरं आहेत, आणि गोवर दाराशी येऊन राहिला. मी दारोदार फिरली. कोणी म्हणते उद्या, कोणी म्हणते ताप येते. उद्या खरंच शेवटचा दिवस आहे जी."

गणपतरावांना सुनेचं रडणं बघवेना. सून कसली, लेकच ती. "अवं, शेवटचा दिवस तं आपला खास विषय आहे!" ते म्हणाले. "उद्या बघशील तू. लाईन लावून देतो."

सकाळी ऑटो निघाला. मागच्या सीटवर इंदुताई, डोळे तपासायला म्हणून कुहीहून आलेली. घरात बसून राहायला ती तयार नव्हती. "तुह्या गाडीत बसून नागपूर तरी पाहतो," म्हणून पिशवी घेऊन चढली. गणपतरावांनी तिला बजावून सांगितलं, "ताई, लोकायसमोर मले गणपत म्हणशील." ताईनं ऐकलं न ऐकल्यासारखं करून सुपारी कातरली.

गल्लीत शिरताच गणपतरावांनी गळा मोकळा सोडला. "चला, चला, चला! पाच वर्षांच्या आतल्या लेकरांना घेऊन या! गोवराची सुई, हनुमान मंदिरात! आज शेवटचा दिवस!"

एकही खिडकी उघडली नाही.

पुन्हा एक चक्कर मारली. मग वरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी सोनिका वाकून हसली. तिच्या कडेवर एका वर्षाची लेक मयुरा. "काका, तुमचे शेवटचे दिवस आम्ही लय पाहिले. उद्या येतो!"

"नाही वं बाई, आज खराच शेवटचा आहे!"

"साडीच्या वेळी बी खराच होता नं?"

घ्या आता! करावं तसं भरावं. गणपतरावांना तोंडात मारल्यासारखं झालं. पुढे किराणा दुकानाच्या पायरीवर दुकानाचे मालक भैय्याजी बसले होते, त्यांनी वेगळीच तान घेतली. "मागच्या बारीले सुई देल्ली तं नातू रातभर तापला. आणि काहून पाहिजे जी? आपल्या वेळी होत्या काय ह्या सुया? जगलोच नं आपण?"

आयुष्यभर बोलून पोट भरलेला माणूस, पण त्याच्या पोतडीत "शेवटचा दिवस" सोडून दुसरं काही निघेना. सभागृहाच्या दारात श्वेता लसीचा थंड डबा जवळ घेऊन उभी होती आणि गल्लीकडे बघत होती. तिच्याकडे बघायची त्यांची हिंमत झाली नाही. ते ऑटोतून उतरले, माईक सीटवर टाकला आणि मंदिराच्या नळावर पाणी प्यायला गेले. माईक बंद करायचं राहून गेलं.

भर उन्हात उघड्या डोक्यानं भाऊ उभा बघून इंदुताईचा जीव वरखाली झाला. ती पुढे झुकली आणि होती नव्हती ती ताकद लावून ओरडली, "अरे कचरू! कचरूऽऽ! ऊन लागन नं गा! कचरूऽऽ!"

माईकनं ते जसंच्या तसं उचललं. भोंग्यातून ते गल्लीभर गेलं आणि कूलरच्या घरघरीत लोकांना त्यातला एकच शब्द कळला. त्या दिवशी कचरागाडी अजून यायची होती. झालं! खाडखाड दारं उघडली. ओल्या कचऱ्याची बादली, सुक्या कचऱ्याची बादली, दोन्ही हातात धरून बाया रस्त्यावर आल्या. मागोमाग त्यांची लेकरं. सोनिका मयुराला कडेवर घेऊन, दुसऱ्या हातात डबा सांभाळत जिना उतरली. भैय्याजीसुद्धा दुकानातली टोपली घेऊन उठले. जी गल्ली दोन चकरा भोंगा वाजवून बाहेर आली नव्हती, ती एका हाकेत झाडून सगळी बाहेर.

"गाडी कुठं आहे वं?"

"आताच तं आवाज आला! बाई ओरडून राहिली होती!"

"कचरू कोण आहे?" एका पोरानं विचारलं.

गणपतराव नळापाशी तसेच उभे. कान लाल, शर्ट ओला. "काही नाही, चूक झाली, जा घरी" एवढं म्हणायचा अवकाश, गल्ली पुन्हा बंद झाली असती आणि नाव पुन्हा झाकलं गेलं असतं. त्यांनी एकवार बाया बघितल्या. त्यांच्या पदराला धरून उभी असलेली लेकरं बघितली. मग श्वेताकडे बघितलं. ती आशेनं त्यांच्याकडेच बघत होती. गणपतराव चालत ऑटोपाशी आले आणि त्यांनी माईक उचलला.

"कचरागाडी नाही आली," ते म्हणाले. "कचरू आला. कचरू म्हणजे मी."

जो हशा पिकला! सोनिका तर डबा खाली ठेवून हसली. गणपतरावांनी हसू दिलं. हसणं ओसरल्यावर ते म्हणाले, "हसा. मलेही हसू येते. पण कोणती माय आपल्या लेकराचं नाव कचरू ठेवते? माह्या मायनं ठेवलं. कारण माह्या आधीचे दोघं..."

इथं त्यांचा आवाज अडकला. हा आवाज अडकलेला जरीपटक्यानं कधी ऐकला नव्हता. मागून इंदुताईनं माईक स्वतःकडे ओढून घेतला. तिला माईक कसा धरायचा तेही माहीत नव्हतं.

"मी सांगतो," ती म्हणाली. "पहिला झाला तो इतका देखणा, की मायनं नाव ठेवलं रुपराव. गोवरानं गेला. मंग झाला विश्वनाथ. त्यालेही गोवर निघाला, तोही गेला. दोघंही माह्या मांडीवर खेळलेले. लोकं म्हणे, चांगलं नाव ठेवलं का मरणाची नजर जाते. म्हणून हा झाला तं मायनं याले सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवलं. म्हटलं, हा आमचा नाही, हा कचरा आहे, याले कोणी नेऊ नका. आणि मले म्हणे, इंदू, याले जन्मात चांगल्या नावानं हाक मारजो नको. तं मी नाही मारत. आता साठीचा झाला, तरी नाही मारत."

गणपतराव बहिणीकडे बघतच राहिले. मांडवात, सोयऱ्यांत, चारचौघांत ज्या हाकेनं त्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, ती हाक म्हणजे ताईचा पहारा होता, हे त्यांना आज कळलं. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

"भैय्याजी," माईकशिवायच ते म्हणाले, "तुम्ही म्हणता आपण जगलो. जे जगले तेच म्हणतात जी. रुपराव काय म्हणायले येते इथं?"

भैय्याजींनी टोपली खाली ठेवली. "पण ताप येते नं गा?" ते म्हणाले, पण आवाजात आता जोर नव्हता.

"एखाद दिवस अंग गरम होते, भैय्याजी," श्वेता पुढे येत म्हणाली. "मी औषधाचं सांगतो, आणि उद्या कन्हानले जायच्या आधी तुमच्या घरी येऊन पाहून जातो."

भैय्याजींनी नातवाचा हात धरला. "चाल गोलू."

मग काय विचारता! सभागृहाच्या दारात बादल्यांची रांग लागली आणि आत लेकरांची. खरी कचरागाडी आली तेव्हा गल्लीत एकही माणूस घरी नव्हता. गाडीवाला चक्रावला, मग बादल्यांचा माग काढत मंदिरापाशी आला आणि तिथूनच सगळा कचरा घेऊन गेला. "असं रोज करत जा," म्हणाला, "दारोदार फिरायचं काम नाही."

आत रडारड, बिस्किटं आणि गोंधळ. श्वेता एकेकाला नावानं बोलवत होती. "मयुरा! केयूर! पियूष!" इंदुताई दाराशी खुर्ची टाकून बसली होती आणि प्रत्येक नाव तोंडातल्या तोंडात पुन्हा म्हणून बघत होती.

"किती चांगले नावं ठेवतात वं आता," ती म्हणाली. "बिनधास्त ठेवतात."

"आता भ्यायचं काम नाही नं, आत्याबाई," श्वेता म्हणाली.

लसीचा डबा रिकामा होत आला तशी इंदुताई उठली, गणपतरावांचा हात धरून त्यांना टेबलापाशी घेऊन आली आणि त्यांच्या शर्टाची बाही वर सारायला लागली. "याले बी एक देऊन टाक वं बाई," ती म्हणाली. "मंग मी बी याले गणपत म्हणतो."

श्वेता हसली. दाराशी उभी असलेली सोनिका हसता हसता डोळे पुसायला लागली. गणपतरावांनी बाही हळूच खाली केली आणि बहिणीचा हात तसाच हातात धरून ठेवला.

"राहू दे, ताई," ते म्हणाले. "तू कचरूच म्हण."