परक्या अंगणातली पालखी

त्या सकाळी गाडीत बसून समोरच्या पडद्यावर बॅटरीचा आकडा पाहिला. रात्रभर चार्जिंगला लावलेली गाडी जेमतेम अर्धी भरली होती. आईला घेऊन मला चिपळूणच्या पुढे आमच्या गावी पोचायचं होतं, आणि तेही दुपारच्या आत, कारण त्या दिवशी शिमग्याची पालखी आमच्या वाडीत यायची होती. मागच्या सीटवर आई देवीच्या ओटीची पिशवी मांडीवर घेऊन केव्हाची तयार बसली होती. मी खाली उतरून भिंतीवरचं बटण पाहिलं. ते बंद होतं.

बटण आईनेच बंद केलं होतं. आदल्या संध्याकाळी ती काठी टेकत, वॉचमनला सोबत घेऊन पार्किंगमध्ये गेली होती, गाडीला हळदकुंकू लावायला आणि चाकाखाली लिंबू ठेवायला. परत फिरताना तिला चार्जरचा दिवा पेटलेला दिसला. आईचं सगळं आयुष्य डिलाईल रोडच्या चाळीत गेलं. आता त्या जागी टॉवर उभा आहे, लिफ्ट आहे, गाडीला हक्काची जागा आहे, पण आई अजून चाळीतच राहते म्हणा ना. कॉमन गॅलरीतून जाता जाता दिसेल तो दिवा मालवायचा ही तिची जुनी सवय. मी विचारलं तर शांतपणे म्हणाली, “गाडी उभीच होती ना गो? उभ्या गाडीला लाईट कशाला जाळायची?” मला एकाच वेळी हसू आलं आणि संतापही आला. पण तिच्या तोंडावरची उत्सुकता पाहिली आणि दोन्ही गिळून टाकलं.

तिला त्या दिवशी गावी का पोचायचं होतं, ते सांगायला हवं. आमच्याकडे शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. घरातलं माणूस दारात उभं राहतं, पालखी वाहणाऱ्यांच्या पायांवर पाणी घालतं, देवीची ओटी भरतं. ज्या घराला कुलूप असेल तिथे पालखी अंगणात जराशी टेकते आणि पुढे जाते. बाबा गेल्यावरही आईने हा दिवस कधी चुकवला नव्हता. मागच्या वर्षी मात्र ती बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि शिमग्यात ती हॉस्पिटलमध्ये होती. चुलतभावाने चांगल्या मनानेच व्हिडिओ पाठवला. ढोल वाजतायत, पालखी नाचतेय, मागे आमचं दार आणि दाराला कुलूप. आईने तो एकदाच पाहिला. नंतर भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “माझ्या दाराला कुलूप बघून गेली गो ती.” त्यानंतर वर्षभर तिने दुसरं काही मागितलं नाही. यंदा दार उघडं पाहिजे, एवढंच. किल्ली चुलतभावाकडे देऊ का, असं मी विचारलं, तर तिने किल्ली कनवटीला खोचली. दार घरच्यानेच उघडायचं असतं, असं तिचं म्हणणं.

डॉक्टरांनी एसटी आणि रेल्वे दोन्हीला नकार दिला होता, म्हणून गाडीने जायचं ठरलं. मी विमा कंपनीत काम करते. सगळं आधी आखून ठेवायचं हा माझा स्वभाव. घरात आम्ही दोघीच, तेव्हा आखणारी मी आणि त्यात मोडता घालणारी आई, अशी कामाची वाटणी आहे. देवावर माझा विश्वास नव्हता असं नाही, पण मोबाइलवरच्या चार्जरच्या नकाशावर जरा जास्त होता. वाटेत माणगावच्या आसपास एका हॉटेलात चार्जर दाखवत होता. तिथे तासभर थांबलो की झालं, असं म्हणून मी लिंबावरून गाडी काढली.

हॉटेलातला चार्जर बंद होता. पडदा काळा. मालक दिलगीर होते, पण दुरुस्तीवाला शिमग्याला गावी गेला होता, आणि शिमग्याला गेलेल्या माणसाला परत बोलावण्याची हिंमत कोकणात कोणी करत नाही. पुढचा चार्जर नकाशावर दिसत होता. माझ्या हिशेबाने आम्ही तिथे कसेबसे पोचत होतो. मी एसी बंद केला, गाडी बैलगाडीसारखी चालवली. मार्चचं ऊन काचांतून आत येत होतं. आई पदराने वारा घेत होती आणि मधूनमधून मलाही घालत होती. चढ लागला की आकडा भराभर खाली येई. माझं निम्मं लक्ष रस्त्यावर, निम्मं त्या आकड्यावर. आई मात्र खिडकीबाहेर फुललेला पळस बघत होती आणि आता पालखी कुठल्या वाडीत असेल ते सांगत होती.

एका फाट्यापाशी तिने गाडी थांबवायला सांगितली. तिला मोकळं व्हायचं होतं, आणि ऑपरेशननंतर रस्त्याकडेच्या कुठल्याही सोयीत तिला बसता येत नव्हतं. फाट्यावरून आत थोड्याच अंतरावर एक चिऱ्यांचं घर दिसत होतं. मी गाडी तिथे नेली. अंगणात तुळस, ऊन खात पडलेल्या काजूच्या बिया, बाजूच्या पडवीत पिठाची गिरण, तिच्यावर घोंगडी टाकलेली. ओटीवर साठीतल्या एक बाई बसल्या होत्या. आईचं वय आणि काठी बघून त्या काही न विचारता उठल्या आणि तिचा हात धरून तिला आत घेऊन गेल्या.

मी गाडीत परत बसले तेव्हा कळलं की आता पुढच्या चार्जरपर्यंत पोचणं शक्य नाही. अंदाज चुकला होता. गाडीच्या डिकीत साध्या प्लगला लावायचा चार्जर असतो, तो घेऊन मी त्या बाईंना ‘वहिनी’ अशी हाक मारून विचारलं. त्यांनी गिरणीचा प्लग दाखवला. लावला, तर लाल दिवा. काढून पुन्हा लावला, पुन्हा लाल. याचा अर्थ मला माहीत होता. प्लगला वीज होती, पण जमिनीशी जोड, म्हणजे अर्थिंग, नव्हतं, आणि अर्थिंगशिवाय हा चार्जर वीज घेत नाही. मदतीच्या नंबरवर फोन केला तर गाडी उचलून नेणारा ट्रक सणामुळे संध्याकाळपर्यंत येणार नव्हता.

चार्जर तसाच लावलेला ठेवून मी ओटीवर आले आणि आईला ते सांगितलं. तिने बाजूला सरून मला जागा करून दिली. मग म्हणाली, “बस जरा. घामाघूम झालीस.” ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. मला देवीचाच राग आला. खरंच आला. एका म्हातारीला स्वतःच्या घराचं दार उघडायचं होतं, यापलीकडे काय मागितलं होतं तिने? तेवढंही होऊ नये? मी तोंड फिरवून डोळे पुसले. वहिनींनी कोकमाचं सरबत आणून दिलं, तेही मला गोड लागलं नाही.

तेवढ्यात ढोल ऐकू आले. त्या गावातही पालखी फिरत होती. आवाज जवळ येऊ लागला तशा वहिनी उठल्या, आणि मला वाटलं की त्या स्वागताच्या तयारीला लागतायत. पण त्यांनी घराचं दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी लावली. आईने विचारलं तेव्हा त्या खाली बघत म्हणाल्या, “आमच्याकडं यंदा दुखवटा हाय मावशी. हे गेले दिवाळीच्या आधी. मानकऱ्यांना सांगून ठेवलंय, पालखी पुढं जाईल.” बोलताना त्यांचा हात कडीवरच होता. मी आईकडे पाहिलं. ती त्या कडीकडे टक लावून बघत होती आणि मला हॉस्पिटलमधली तिची खाट आठवली.

आई काठी टेकून उठली. अंगणाच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. पालखी आली, पुढे फेटा बांधलेले एक वयस्कर मानकरी होते. ते घराकडे न बघता पुढे निघाले होते, आईने हात जोडून त्यांना थांबवलं. “दुखवटा या घरात आहे. मी वाटसरू. मुंबईवरून देवीच्या भेटीला निघालेय आणि गाडी इथे अडली. माझ्यापुरती ती अंगणात टेकली तर चालेल काय?” मानकऱ्यांनी वाहणाऱ्यांकडे पाहिलं, आपसांत काही बोलणं झालं. मग त्यांनी देवीला हात जोडले आणि म्हणाले, “पाहुणीला नाय कसं म्हणायचं? या आत.”

पालखी अंगणात आली. आता पाणी घालायचं होतं. आईला घागर उचलणं शक्य नव्हतं, म्हणून मी पुढे झाले. आईने माझा हात बाजूला केला आणि वहिनींकडे वळली. इतका वेळ ती त्यांना अहोजाहो करत होती. “पाणी तुझ्या विहिरीचं हाय बाय. तूच घाल.” वहिनी हलेनात. मानकऱ्यांनी पाय जरा पुढे केले. मग वहिनी आल्या. घागरीमागून घागर आणून त्यांनी एकेकाच्या धुळीने भरलेल्या पायांवर पाणी घातलं, आणि शेवटी शेवटी त्या इतक्या रडत होत्या की पाणी पायांवर पडतंय की बाजूला, ते त्यांना दिसत नसावं. अंगणातल्या काजूच्या बिया भिजल्या. पाणी उतारावरून तुळशीकडे वाहत गेलं. कुणीच घाई केली नाही.

आईने पिशवीतली ओटी बाहेर काढली. ती हिरवी साडी तिने लालबागच्या मार्केटमध्ये दुकानदाराला दमवून पसंत केली होती, आमच्या देवीसाठी. मला राहवलं नाही, मी हळूच म्हटलं, “आई, ही आपल्या देवीची ना?” तिने खण सारखा केला, नारळ वर ठेवला आणि म्हणाली, “वेगळी हाय काय गो ती?” तिने ओटी भरली. मानकऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं, त्यात मुंबईच्या पाहुणीचं नाव घेतलं आणि या घराचंही घेतलं. मी मागे सरून गाडीपाशी उभी राहिले होते. कधी पुढे झाले आणि कधी पालखीखाली डोकं टेकवलं, ते मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं की सकाळपासून पहिल्यांदाच गाडीचा आकडा माझ्या मनात नव्हता.

पालखी गेल्यावर मी चार्जर गुंडाळून ठेवायला पडवीत गेले. दिवा हिरवा होता. गाडीचा आकडा पाहिला, तो एकाने वाढला होता. वहिनींना हाक मारली. त्या आल्या, दिव्याकडे पाहिलं, मग तुळशीच्या बाजूच्या एका छोट्या खड्ड्याकडे पाहिलं. तिथे चिखल झाला होता. “गिरणीची तार तिथं जमिनीत गेलेली हाय,” त्या म्हणाल्या. “हे रोज सकाळी तिथं पाणी ओतायचे. मला वाटायचं तुळशीलाच घालतात.” मग त्या खड्ड्यापाशी जाऊन बसल्या आणि त्यांनी त्या ओल्या मातीवर हात ठेवला.

जमीन सुकली होती, पाणी मिळालं, अर्थिंग जुळलं. कुणीही वायरमन हेच सांगेल आणि ते बरोबरच आहे. मी त्यावर वाद घालत नाही. मला एवढंच ठाऊक आहे की ते पाणी कुणाच्या पायांवरून आलं होतं आणि कुणाच्या हातून पडलं होतं.

साध्या प्लगवर गाडी अगदी सावकाश भरते. आम्ही वहिनींकडे कुळथाची पिठी आणि भात जेवलो, आई ओटीवर पडली आणि तिला छान झोप लागली. पुरेसं चार्जिंग झाल्यावर निघालो. गावी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती आणि पालखी आमची वाडी सोडून गेली होती. चुलतभाऊ ओशाळून सांगत होता की त्यांनी वाट बघितली, दारात बराच वेळ पालखी नाचवली. मला आईकडे बघायची भीती वाटत होती. तिने कनवटीची किल्ली काढली, कुलूप उघडलं, दाराच्या दोन्ही फळ्या सताड उघड्या केल्या आणि उंबऱ्यावर पणती लावली. मग तिथेच पाय पसरून बसली आणि चुलतभावाला म्हणाली, “तू कशाला तोंड पाडतोस? मला भेटली ती.” त्या वर्षभरात तिचा एवढा मोकळा आवाज मी ऐकला नव्हता.

त्यानंतर आम्ही त्या रस्त्याने पुन्हा गेलो आहोत. वहिनींच्या अंगणात थांबल्याशिवाय आई पुढे जाऊ देत नाही. तिथली गिरण आता सुरू आहे आणि खड्ड्यातली माती ओली असते. मी अजूनही सगळं आखते, चार्जर बघते, फोन करून खात्री करून घेते. ते सोडून द्यावं असं देवीला वाटत असेल, असं मला वाटत नाही. पण आखलेलं मोडलं की पूर्वीसारखी हादरत नाही. आपण जिथे अडतो तिथे कदाचित आपली कुणाला गरज असते, आणि आपल्याला त्यांची, एवढं मी त्या अंगणात शिकले.

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना मी हा किस्सा सांगितला, तेव्हा त्यांनी हसत हसत एक स्टिकर छापून आणून दिला. मोठ्या लाल अक्षरांत ‘हे बटण बंद करू नये’. भिंतीवर लावायला म्हणून मी तो घेतला आणि त्यांचे आभार मानले. तो अजून घरातल्या टेबलाच्या खणात आहे. परवा गावी निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आई लिंबू घेऊन खाली जायला निघाली, तेव्हा माझा हात त्या खणाकडे गेला होता. मग मी तिची काठी तिच्या हातात दिली आणि म्हटलं, सावकाश जा.