रान्हीचं नवं कुलूप

रोज संध्याकाळी दारावरच्या कुलपाचे आकडे दाबून झाले, की रान्ही स्वेटरची बाही तळहातावर ओढून त्याच्या काचेवरचे बोटांचे ठसे पुसून काढायची. मगच आत पाऊल टाकायची. आत, दाराशी कोण आलंय ते दाखवणाऱ्या भिंतीवरच्या पडद्याच्या कॅमेऱ्यावर तिने जखमेची पट्टी चिकटवली होती.

थेगू शहरातल्या या भाड्याच्या खोलीत ती थेसपपासून, नवऱ्यापासून, पळून आली होती. त्याच्या घरात दार, दिवे, थंडीत जमीन तापवणारी यंत्रणा, सगळं त्याच्या फोनशी बांधलेलं. तो कचेरीत बसून घरातल्या कॅमेऱ्यातून तिला पाहायचा. घरी आला की चप्पल काढता काढता हळू आवाजात विचारायचा, ‘‘दुपारी दार दोनदा उघडलं. दुसऱ्यांदा कोण आलं होतं?’’ उत्तराआधीच थप्पड बसायची. एका हिवाळ्यात ती कचरा टाकायला खाली गेली, तेवढ्यात त्याने घरात बसूनच फोनवरून कुलपाचे आकडे बदलले. सपाता घालून ती दाराबाहेर कुडकुडत राहिली आणि दाराआडून त्याचं हसणं ऐकू येत राहिलं. शेवटी दार उघडलं. तिने चौकट धरली, तसं त्याने ते तिच्या बोटांवर आपटलं. दोन हाडं मोडली.

कोर्टाने त्याला तिच्या जवळपास फिरकायला बंदी केली. नवीन कुलूप घेताना दुकानदार म्हणाला, फोनवरून उघडणारं घ्या, साधं, नुसत्या आकड्यांचं आता कुणी घेत नाही. ‘‘म्हणूनच साधं द्या,’’ ती म्हणाली.

सवलत फक्त आईला होती. जमसुनबाई मिर्यांग गावाहून किमचीच्या लोणच्याचे डबे घेऊन येत, तेव्हा लेक कामावर असे. आकडे त्यांच्या लक्षात राहीनात, म्हणून रान्हीने आईचं बसचं कार्ड कुलपात नोंदवून दिलं. टेकवलं की दार उघडे.

रान्हीच्या वाढदिवसाच्या सकाळी थेसप नाशपातीची पेटी घेऊन सासूकडे गेला. गुडघे टेकून रडला. जमसुनबाईंनी वाढदिवसाला करतात ते समुद्री शेवाळाचं सूप करून ठेवलं होतं, पण गुडघा धरल्याने निघता येईना. त्याने सांगितलं, डबा फ्रिजमध्ये ठेवतो नि निघतो, तिला तोंडही दाखवत नाही. लेकीचा संसार पुन्हा उभा राहील, एवढंच त्या माउलीला दिसलं.

‘‘जावईबापू, ठेवा आणि लगेच निघा हं,’’ म्हणत त्यांनी पत्ता सांगून डब्याबरोबर कार्ड दिलं.

रान्हीच्या खोलीत शिरून त्याने सूप गॅसवर चढवलं. स्वयंपाकघरातली मोठी कात्री घेतली आणि दाराआड उभा राहिला. संध्याकाळी रान्ही दारात आली, तसा पहिला घाव मानेवर बसला. ती पालथी पडली, तरी रांगत दाराकडे सरकत होती. त्याने तिला केसांना धरून मागे ओढलं आणि दार लोटलं. कुलूप आपोआप लागलं. पोलिसांना ते फोडावं लागलं.

शवागाराबाहेर जमसुनबाईंनी रान्हीच्या शेजारणीला एकच विचारलं: पोर ओरडली का? शेजारीण म्हणाली, नाही हो. मी माझं दार लावत होते, तेव्हा ती दारातच वाकून बुटांच्या नाड्या सोडत होती. सुपाचा वास आला असेल. आत बघून म्हणाली, ‘‘आई, गॅस बारीक कर गं, सूप उतू जाईल.’’