आत गेलेलं टोक

मला मुलं आवडत नाहीत, हे आमच्या प्रशिक्षण केंद्रात सगळ्यांना ठाऊक होतं. तीस वर्षं शस्त्रक्रियेच्या खोलीत नर्स म्हणून काढल्यावर माणूस गोड राहत नाही. त्यामुळे पहिल्याच दिवशी एक बाई पाच वर्षांच्या लेकीला घेऊन वर्गात आली, तेव्हा मी म्हटलं, "हे पाळणाघर नाही." तोवर लेकीने माझ्या हजेरीपटावर मांजर काढून ठेवलं होतं.

बाई अकरा वर्षं रुग्णालयाच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालत होती, म्हणून वर्गाने तिचं नाव 'इस्त्री' पाडलं. नवऱ्याने दुसरीकडे संसार थाटला होता. पगार तुटपुंजा, पाळी संध्याकाळची. लेक घरात एकटी आणि दाराला बाहेरून कुलूप. एकट्या पालकांच्या योजनेतून तिला आमचा वर्ग मिळाला. शस्त्रक्रियेची हत्यारं तपासून, निर्जंतुक करण्यासाठी कापडात बांधायचं काम. पास झाली की दिवसाची पाळी, बरा पगार. वर्गासाठी तिने धुलाईखान्यात सकाळची अर्धी पाळी घेतली, तेव्हा लेक शाळेत असे. दुपारच्या पाळणाघराचे पैसे योजना भरायची, पण परीक्षेच्या दिवसापर्यंतच.

डोकं तल्लख, हात मात्र धुलाईखान्याचे. चादरीचं टोक आत खोचायचं, ही त्या हातांची सवय. आमच्याकडे उलटं. कापडाचं शेवटचं टोक जरा बाहेर ठेवायचं, म्हणजे उघडणारी तेवढंच चिमटीत धरते आणि आत हात लागत नाही. "टोक बाहेर, बाई, टोक बाहेर," असं ओरडून माझा घसा बसला. शेवटच्या आठवड्यात ती एकदाही चुकली नाही.

परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. मला भिंतीशी खुर्ची दिली आणि तोंड उघडायची बंदी केली. पंचवीस मिनिटांत एक संच बांधायचा होता. तिने कात्र्या मोजल्या. एका चिमट्याच्या सांध्यात डाग सापडला, तो बाजूला काढून दुसरा घेतला. मग कापड अंथरलं. तीन घड्या झकास पडल्या. चौथीला तिने टोक आत खोचलं आणि वर चिकटपट्टी लावली.

परीक्षक मान खाली घालून काहीतरी लिहीत होते, त्यांनी पाहिलंच नव्हतं. घड्याळात सहा मिनिटं उरली होती. गप्प बस बये, सही होऊ दे, असं मी मनात म्हटलं. आयुष्यभर लोकांना शिस्त शिकवली, तरी म्हटलं. आज सांगताना लाज वाटते.

तिने पुडक्यावरून तळहात फिरवला, चादरीवरून फिरवायची तसा. हात मध्येच थांबला.

"साहेब, टोक आत गेलंय."

"मग?"

"उघडताना हात आत लागेल कुणाचा तरी. परत बांधते."

परत म्हणजे नवं कापड, नवी मोजणी, सगळं पहिल्यापासून. तिसरी घडी पडत असताना घंटा वाजली. परीक्षकांनी 'अपूर्ण' लिहिलं. फेरपरीक्षा तीन आठवड्यांनी, तोवर रोज वर्गाला येणं सक्तीचं.

बाहेर बाकावर ती फेरपरीक्षेचा अर्ज मांडीवर घेऊन बसली होती.

"भर की," मी म्हटलं.

"काय भरू, सिस्टर? पाळणाघर उद्यापासून बंद. तीन आठवडे दुपारी हिला ठेवू कुठे? संध्याकाळची पाळी घेते परत. कुलूप आहेच घरी."

ती रडली नाही. मला मात्र राग आला, परीक्षकांचा, योजनेचा, सगळ्यात जास्त माझा. अर्जात एक रकाना रिकामा होता: वर्गाच्या वेळेत मूल कोणाकडे? मी कागद ओढून घेतला आणि लिहिलं, 'शिक्षिकेकडे'.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेक माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"आई म्हणते, तुम्हाला मुलं आवडत नाहीत."

"नाही आवडत," मी म्हटलं, आणि हजेरीपट उघडून तिच्यापुढे सरकवला.