आम्ही पोसलेला पाळक

आमच्या गावात ख्रिस्ती घरं सातच. पिंगळी स्टेशनावर उतरलं की अर्धा तास पायी चालायचं. गावाच्या खालच्या अंगाला आमची वस्ती आणि वस्तीच्या शेवटाला पत्र्याची एक खोली. तिला आम्ही देऊळ म्हणायचो. माझे मालक रेल्वेत गँगमन होते, मी गावातल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. दोघांच्या हाती सरकारी पगार असलेलं वस्तीतलं ते एकच घर. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं त्यात ही गोष्ट मला सारखी बोचत राहिली.

सत्तर-एकाहत्तरचा सुमार असेल. मिशनचे गोरे साहेब आणि मॅडम आपल्या देशाला कायमचे निघून गेले. पाठोपाठ पत्र आलं की पाळकांचा, म्हणजे देवळातल्या धर्मगुरूंचा, पगार आता बंद. गावोगावच्या ख्रिस्ती मंडळ्या आता मोठ्या झाल्या आहेत, आपला पाळक आपण सांभाळावा. पत्र देवळात मीच वाचून दाखवलं. पाळक स्वतः भिंतीला टेकून खाली मान घालून बसले होते, जणू पगार बंद होणं हा त्यांचाच काही गुन्हा होता.

आमचे पाळक काही लांबून आलेले नव्हते. ह्याच जिल्ह्यातले, पलीकडच्या तालुक्यातले. त्यांचे चुलते, सख्खा भाऊ, सगळे छप्पन्ननंतर बौद्ध झाले. हे लहानपणापासून मिशनच्या बोर्डिंगात शिकले आणि तिकडचेच झाले. भावाशी येणंजाणं होतं. भाऊ सणासुदीला यायचा, वहिनीच्या हातचं जेवायचा आणि जाताना म्हणायचा, "अजून वेळ गेली न्हाई, दादा. चल आपल्यात." पाळक हसून त्याच्या पाठीवर हात ठेवायचे.

सायकलवर त्यांनी आठ-दहा गावं जोडली होती. प्रचारक म्हणून फिरायचे खरे, पण लोकांच्या दारात जाऊन ते आधी ओसरीवर बसायचे आणि कुणाचं काय चाललंय ते ऐकायचे. मनीऑर्डरीचा फॉर्म भरून द्यायचे, एखाद्या बाळंतिणीला बैलगाडीत घालून परभणीच्या दवाखान्यात न्यायचे. शेजारच्या गावात क्षयाचा एक रोगी होता. त्याच्या खोलीत त्याची बायकोसुद्धा जाईना. पाळक दर बुधवारी जाऊन त्याचं अंग पुसून यायचे. सहा वर्षांत त्यांच्या हातून बाहेरच्या एकाच माणसाचा बाप्तिस्मा झाला, आणि तो माणूसही पुढं पुण्याला निघून गेला. गोऱ्या साहेबांना एवढ्या कमी बाप्तिस्म्यांचं वाईट वाटायचं. पाळकांना वाटत असेल तर त्यांनी कधी दाखवलं नाही.

तर त्या दिवशी देवळात पहिल्यांदा बोलली ती आक्का. वस्तीतली सगळ्यांत म्हातारी बाई, डोळ्यांनी अधू, पण शब्द असा की मंडळीचे पंचसुद्धा मान द्यायचे.

"साहेब गेले तर जाऊ द्या की," ती म्हणाली. "आपला पाळक आपुन पोसू. भाकरी थापायच्या आदी एक मूठ जवारी बाजूला काढायची. सात घरं हायती. एक माणूस पोसणं जड हाय का आपल्याला?"

बायकांनी माना डोलावल्या. मला आठवतं, त्या दिवशी आम्हाला सगळ्यांना एक वेगळीच उभारी आली होती. आजवर आमचं देऊळ दुसऱ्यांच्या पैशावर चाललं होतं. आता आमच्या मुठीवर चालणार होतं. दर शनिवारी घरोघर फिरून धान्य गोळा करायचं आणि पाळकांच्या घरी पोचवायचं काम माझ्याकडं आलं.

पहिलं वर्ष चांगलं गेलं. मुठी भरभरून पडायच्या. कुणी वर मूठभर तूर टाकायचं, कुणी दोन वांगी द्यायचं. पाळकीणबाई दारातच पिशवी घ्यायच्या, कपाळाला लावायच्या आणि म्हणायच्या, "सलाम बाई. सगळ्यांना सलाम सांगा." आम्हा ख्रिस्ती लोकांत भेटल्यावर सलामच म्हणतात. पाळकीणबाई जालन्याकडच्या. बारीक अंगाच्या, बोलायला मऊ. त्यांची थोरली मुलगी माझ्याच वर्गात दुसरीला होती. धाकटी त्याच वर्षी झाली.

मग दुष्काळ पडला. त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही, आमच्या पिढीला सांगायची गरज नाही. विहिरींचे तळ दिसले. रेशनच्या दुकानात परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची. तिची भाकरी थापताना फाटायची आणि खाल्ल्यावर पोटात दुखायचं. आमचं आणि पाळकांचं घर सोडून वस्तीतली सगळी घरं, बाया-माणसं, रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागली. कामावर मजुरी मिळायची आणि दुपारी सुकडी, म्हणजे सरकारी पौष्टिक पिठाचा खाऊ, मिळायची. त्या सुकडीवर लेकरं जगली.

शनिवारची माझी पिशवी हलकी होत गेली. मुठी आखडल्या. पुढं पुढं काही घरांतून मूठ येईचना. बायका दारात उभ्या राहून पदर तोंडाला लावायच्या, आणि मी काही न विचारता पुढं जायची. पाळकीणबाई तेवढीच पिशवी कपाळाला लावायच्या.

"जेवलात का?" मी एकदा विचारलं.

"आत्ताच झालं, बाई."

चूल दारातून दिसत होती. चुलीत राख नव्हती, पांढरी माती होती. सकाळीच सारवलेली असावी. मी ते पाहिलं, आणि त्यांनी मला पाहताना पाहिलं.

माझ्या घरात तेव्हा ज्वारीची दोन पोती होती. मालकांनी रेल्वेतल्या ओळखीनं आंध्राकडून आणलेली. पुढचं साल कसं जाईल कुणाला ठाऊक, म्हणून ती आम्ही आतल्या खोलीत पलंगाखाली ठेवली होती. मी माझी एक मूठ टाकत होते. न चुकता, रोज, एक मूठ. ठरलंच होतं तसं. नियम सगळ्यांना सारखा, असं मी स्वतःला सांगायची.

एक दिवस शाळेत मुख्याध्यापक हसत हसत म्हणाले, "बाई, काल तुमचे पाद्री खडी फोडताना दिसले. तुमच्या देवानं त्यांची भाकर बंद केली का काय?" बाकीचे दोघं मास्तरही हसले. मी खडू उचलून वर्गावर गेले. पण दिवसभर माझं वर्गात लक्ष लागलं नाही.

गोष्ट खरी होती. पाळक तीन दिवसांपासून कामावर जात होते. तोंडाला रुमाल बांधून, दुसऱ्या टोळीत, जिथं वस्तीतलं कुणी नव्हतं.

रविवारी उपासना झाली आणि पाळक एका रोग्याकडं निघून गेले. त्यांच्यामागं पंच बसले. एकजण म्हणाला, "करू द्या की काम. आपल्याकडून व्हईना गेलंय. त्यांनी काय खावं?" आक्का काठीवर हनुवटी टेकून बसली होती. तेव्हा मी बोलले. बायकांनी पंचांत बोलायची पद्धत नव्हती, पण मी शिकलेली म्हणून मला मुभा होती.

मी म्हणाले, "सगळं गाव हसतंय. ह्यांना एक पाळक पोसवेना, म्हणतंय. उद्या कुणाच्या दारात आपण देवाचं नाव घेऊन कसं जाणार? पाळकानं खडी फोडली तर मंडळी मेल्यासारखीच आहे."

माझं बोलणं लोकांना पटलं. उपाशी माणसाला मानाची गोष्ट फार लवकर पटते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ठरलं की पाळकांनी कामावर जाऊ नये, मंडळी कसंही करून मूठ चालू ठेवील. पंच म्हणाले, बाई, चिठ्ठी तुम्हीच लिहा. मी लिहिली. चांगल्या अक्षरात, आदरानं. "आपल्या पदाचा मान राखावा ही मंडळीची नम्र विनंती." हे वाक्य मला अजून जसंच्या तसं आठवतं.

पाळक दुसऱ्या दिवसापासून कामावर गेले नाहीत. आणि काम नाही म्हणून सुकडी नाही.

पुढच्या शनिवारी माझ्या पिशवीत चार घरांच्या मुठी होत्या. त्याच्या पुढच्या शनिवारी तीन. थोरली मुलगी वर्गात पाटीवर डोकं टेकवून झोपायची. मी तिला एकदा उठवून बाहेर नेलं, तोंडावर पाणी मारलं आणि विचारलं, "सकाळी काय खाल्लंस?" ती म्हणाली, "तरोट्याची भाजी." "भाजी कशासंगं?" ती फ्रॉकनं तोंड पुसू लागली. मी तिला माझ्या डब्यातली भाकरी दिली. अर्धी तिनं खाल्ली आणि अर्धी फ्रॉकच्या घेरात गुंडाळून घरी नेली. संध्याकाळी मी मालकांना म्हणाले, एक पायली ज्वारी पाळकांकडं पाठवू. ते म्हणाले, "पाठव." मी म्हणाले, शनिवारी नेते. शनिवार चार दिवसांवर होता. त्याच दिवशी का नेली नाही, हे मी स्वतःला अजून विचारते.

धाकटीला हगवण लागली ती गुरुवारी. आईचं दूध आधीच आटलेलं होतं. शुक्रवारी सकाळी पाळकांनी बायकोला लेकरासकट सायकलीच्या कॅरिअरवर बसवून परभणीला नेलं. दुपारी परत आले तेव्हा ते सायकल हातात धरून चालत होते आणि पाळकीणबाई मागून लेकराला पदराखाली घेऊन चालत होत्या. मी शाळेच्या दारातून पाहिलं. ऊन एवढं होतं की त्या सावलीला का थांबत नाहीत, असं मला वाटलं. मग कळलं.

पुरायला दुसरा पाळक बोलवावा, एवढाही वेळ नव्हता आणि कुणाच्या अंगात त्राणही नव्हतं. आपल्या लेकराला मूठमाती पाळकांनी स्वतःच दिली. जमीन खडकासारखी झाली होती, गड्यांना खणायला दोन तास लागले. पाळकांनी प्रार्थनेचं पुस्तक उघडलं, पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि पुढं वाचता येईना. त्यांनी पुस्तक मिटून काखेत धरलं. आम्ही सगळे वाट बघत उभे होतो. शेवटी ते म्हणाले, "झालं. माती लोटा."

सोमवारी ते खडी फोडायला गेले. रुमाल न बांधता, आमच्याच लोकांच्या टोळीत बसले. कुणी त्यांना अडवलं नाही. मुकादमानं हजेरी मांडली. दुपारी सगळ्यांबरोबर त्यांनी सुकडी घेतली आणि थोरलीसाठी बांधून ठेवली. आमच्या वस्तीतल्या बायका सांगत होत्या, त्यांच्या आसपास कुणाला घास गिळेना.

मी दोन दिवसांनी पायली घेऊन गेले. पाळकीणबाई दारात आल्या. पिशवीला त्यांनी हात लावला नाही.

"ठेवा तुमच्यापाशी, बाई."

"असं नका करू. मंडळीकडून—"

"ती चिठ्ठी तुमच्या हातची होती ना? पोरगी तुमचं अक्षर रोज पाटीवर बघती. तिनंच वाचून दाखवली मला."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी पाया पडले असते. त्या नुसत्या मला सांगत होत्या की त्यांना माहीत आहे. मी पिशवी घेऊन घरी आले आणि ज्वारी परत पोत्यात ओतली.

पुढच्या साली पाऊस झाला, पीक आलं. बायकांनी न सांगता मुठी काढायला सुरुवात केली. घरोघर मुठीचे डबे गच्च भरले. पण पाळक दर रविवारी उपासना थोडक्यात उरकायचे, उपदेश करायचेच नाहीत. शास्त्रातला एक उतारा वाचायचे, खाली बसायचे. सायकल दारात तशीच उभी असायची. दिवाळीनंतर एका सकाळी त्यांचा भाऊ बैलगाडी घेऊन आला. सामान फार नव्हतंच. आक्का काठी टेकीत गाडीपर्यंत गेली, पाळकांच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "आमी पोसतो म्हणलो हुतो, लेकरा." पाळक तिच्या पाया पडले. माझ्या घरासमोरून गाडी गेली तेव्हा मी आत होते. बाहेर आले नाही.

त्यानंतर आमच्याकडं पाळक आला नाही. वर्षातून एकदा कुणी परभणीहून यायचं, प्रभुभोजनाचा विधी करून जायचं. दोन घरं गाव सोडून गेली, एक बौद्ध झालं. देवळाचे पत्रे कुणी काढून नेले, मग भिंती.

पाच-सहा वर्षांनी शाळेची सहल येलदरीला नेली होती. धरण बघून झालं, मुलं जेवायला बसली. खाली पाण्याच्या कडेला मासळीच्या ठेकेदाराची माणसं जाळी आवरत होती. त्यांत पाळक होते. पार वाळलेले, केस पिकलेले. मी खाली उतरले.

"सलाम, पाळकसाहेब."

त्यांनी मान वर केली. ओळखायला त्यांना वेळ लागला नाही.

"नमस्कार, बाई. सहल का?"

मी थोरलीबद्दल विचारलं. सातवीनंतर शाळा सोडली, आता सासरी आहे, म्हणाले. पाळकीणबाई? "हाय. तिला बरं नसतं." त्या चिठ्ठीबद्दल बोलायला मी तोंड उघडलं आणि विचारलं भलतंच. "इथं उपासनेला कुठं जाता?"

"जात न्हाई, बाई." जाळ्यात अडकलेला काटा ते बोटानं सोडवत होते. "पयले पयले रोज देवाला म्हणायचो, मला तोंडावर सांग की तू तिथं हुतास. पोरीच्या खड्ड्यापाशी. काई आवाज आला न्हाई. मग थकलो."

ठेकेदाराच्या माणसानं हाक मारली. ते उठले, धोतराला हात पुसले. "लेकरांना पाण्याजवळ जाऊ देऊ नका," म्हणाले. "हितं एकदम खोल हाय."

मी वर आले आणि मुलांची हजेरी घेतली.