अक्काच्या हातातला पेपर

पोलीस खात्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी बंगळूरची ती घटना आजही आठवते. नव्वदच्या दशकात वैद्यकीय प्रवेशाचे नियम सारखे बदलत. बारावीच्या गुणांपेक्षा प्रवेश परीक्षेला महत्त्व आले होते.

परीक्षेच्या सकाळी जयनगरच्या आमच्या ठाण्यात फोन आला. मुलीचा आवाज, कन्नडमध्ये. जवळच्या केंद्रावर दुसरीच्या नावाने एक मुलगी पेपर लिहिते आहे, एवढे बोलून, बैठक क्रमांक सांगून तिने फोन ठेवला.

बाकीच्या मुलांचे लक्ष उडू नये म्हणून पेपर संपेपर्यंत मी वर्गाबाहेर थांबलो. बाहेर आलेल्या मुलीचा चेहरा प्रवेशपत्रावरच्या फोटोशी बराच जुळत होता, पण हनुवटीवरचा व्रण फोटोत नव्हता. केंद्रप्रमुखांची फिर्याद घेतली, पंचनामा केला.

ठाण्यात ती तोंड उघडेना. अशी गप्प बसणारी माणसे बहुधा दुसऱ्या कुणाला तरी वाचवत असतात. महिला शिपायाने कॉफी पुढे केली तेव्हा ती पुटपुटली, "आई गं, काय होऊन बसलं!"

आमच्याही घरी हीच भाषा. मी मराठीत विचारले, "कोणासाठी केलंस, बाळ?"

तिचा बांध फुटला. "धाकट्या बहिणीसाठी. मी स्वतः मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सर. बारावीत तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क आहेत. माझ्या वेळचा नियम असता तर तिला सरळ प्रवेश मिळाला असता. पण मिनिटाला एक प्रश्न सोडवायच्या या परीक्षेच्या सरावातही घड्याळाकडे बघून तिचे हात थरथरतात. तिला हे नको होतं. मीच हट्ट केला."

संध्याकाळी वडिलांबरोबर धाकटी आली. तिने तोंड उघडताच मी आवाज ओळखला.

"फोन मीच केला, सर. मला वाटलं, तुम्ही अक्काला नुसतं बाहेर काढाल."

थोरली ताडकन उठली. "मला सांगायचं होतंस गं!"

"सांगितलं होतं, अक्का. तू ऐकलं नाहीस."

थोरली पुन्हा खाली बसली.

केंद्राची फिर्याद आलेली, त्यामुळे गुन्हा नोंदवण्यावाचून इलाज नव्हता. कोर्टाने वय पाहून थोरलीला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडले, पण कॉलेजने तिचे नाव कमी केले. धाकटी पुढे त्या परीक्षेला बसलीच नाही. ती शाळेत जीवशास्त्र शिकवू लागली, थोरलीने रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम धरले. दोघी एकमेकींशी बोलतात, असे पुढे वडिलांकडून कळले, तेव्हा मला हायसे वाटले.

नियम बदलणाऱ्यांचा हेतू चांगलाच असेल. पण तो बदल त्या वर्षी दारात उभ्या असलेल्या मुलांच्या वाट्याला येतो. आणि खबर देणारा समोरच्याच्या वाईटावरच असतो, असे मी तोवर धरून चालत होतो. त्यानंतर निनावी फोन आला, की मी आधी एकच विचारत असे, "पुढे काय व्हावं, असं तुम्हाला वाटतं?"