फक्त क्लिपलेस

"आधी सुटनं शिक बे, मंग अटकनं."

नवा लॉकवाला बूट घेऊन जो कोणी बोरसीला काकांच्या अंगणात जाई, त्याला ते आधी हे ऐकवत. हा बूट सायकलच्या पायडलमध्ये खटकन अडकतो आणि टाच बाहेर वळवली की सुटतो. ते वळवणं अंगात मुरेपर्यंत काका पायडलची स्प्रिंग ढिलीच ठेवायचे. पोलादाच्या प्लांटात जन्मभर फिटर होते. आमच्या सायकल ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या बुटाखालची क्लीट, म्हणजे ती अडकणारी पट्टी, त्यांनीच बसवलेली.

मी पहिल्यांदा गेलो तो तीन बोल्टचा पांढराशुभ्र रोड-रेसिंगचा बूट मिरवत. काकांनी तो उलटा करून पाहिला.

"हे कावून घेतलं? तू तं हथखोजच्या मागं गिट्टीच्या कच्च्या रस्त्यावर फिरून राहिला."

"दिसायला भारी आहे, काका."

"दिसाले भारी! उतरला का बदकावानी चालशील, अन् चिखल भरला का अटकनार बी नाही. वापस कर. दोन बोल्टचा आन, ज्याची क्लीट तळाच्या आत बसते. मानसाले पाय टेकवा लागते कधी ना कधी."

गुपचूप परत केला आणि दोन बोल्टचा आणला. मग त्यांनी मला ओट्यावर पाय लोंबकळत बसवलं, माझी पावलं कुठे वळतात ते बराच वेळ पाहिलं आणि क्लीट जरा मागे सरकवली. वर्षभराचं माझं गुडघ्याचं दुखणं गेलं. डॉक्टरला जमलं नव्हतं, बरं का!

स्वतः मात्र ते साधं सपाट पायडल मारत. एकदा मी कारण विचारलं, तर त्यांनी मोजाच काढून दाखवला.

"लोखंडाची प्लेट पडली होती ड्युटीवर. हा घोटा वर-खाली होते, बाजूले वळत नाही. अटकलो तं सुटू कसा? कोनाले सांगू नको. पोट्टे लंगडा म्हनतीन."

मी कोणाला सांगितलं नाही. तेवढ्या एका बाबतीत मी शब्दाचा पक्का निघालो.

काकांचा सगळा जीव ग्रुपच्या रविवारच्या फेरीत होता. "सोमवारपासूनच रविवार मोजते हे," असं काकू म्हणायच्या. इकडे ग्रुपमध्ये जवान पोरं वाढली. त्यांना स्पीड हवा होता, आणि काकांसाठी दर चौकात थांबावं लागे.

"अंकल को मुँह पे कौन बोलेगा? रूल बना देते हैं," एक जण म्हणाला. ॲडमिन मी. घोट्याचं मला एकट्याला ठाऊक. तरी मीच टाइप केलं: "पुढच्या रविवारपासून फक्त क्लिपलेस."

आता हा शब्दच उफराटा. जुन्या पायडलला पाय बांधायच्या क्लिपा असत, त्या गेल्या म्हणून लॉकवाल्याला नाव पडलं क्लिपलेस. काका त्याला कायम लॉकवालाच म्हणत आले होते.

रविवारी काका सगळ्यांच्या आधी हजर, साध्याच पायडलवर. चेहरा नुसता फुललेला. माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "मेसेज वाचला. बिनक्लिपवालेच चालतीन म्हने! आता हे पोट्टे जरा दमानं चालवतीन. माह्यासाठी लिहिलं ना बाबू?"

मी वाकून माझ्या टायरची हवा दाबून पाहू लागलो.

मागून हसू फुटलं. "अरे अंकल, क्लिपलेस मतलब लॉकवाला!"

काकांनी माझ्याकडे पाहिलं, एकदाच. "अच्छा," म्हणाले. "मले वाटलं..." खिशातून ॲलन की काढली आणि दर रविवारसारखे एकेकाच्या क्लीटचे स्क्रू तपासत गेले. माझा एक ढिला निघाला. खाली बसून तोही आवळला. मग सायकल वळवून घरी गेले.

त्या दिवशी आमचा ॲव्हरेज झकास आला. ग्रुपवर सगळ्यांनी अंगठे दिले. मीही दिला. थू माझ्या जिनगानीवर!

ते पुन्हा आले नाहीत. पद्मनाभपुरातल्या माझ्या घरापासून बोरसी ती किती लांब? पण मीही गेलो नाही. गेलो असतो तर बोललो काय असतो? दोन वर्षांनी ते गेल्याचं कळलं, तेव्हा तेरवीला गेलो.

काकूंनी मला ओळखलं. पाहुण्यांमध्ये बसवलं आणि सगळ्यांना सांगू लागल्या, "हेच ते ग्रुपवाले भाऊ. आमच्या मानसाच्या पायाचं यायले मालूम होतं, म्हनून साध्या पायडलवाल्यासाठी नियमच करून देला होता यायनं. मंग घोटा दुखे, तं आमच्या मानसानंच जानं सोडलं. पोट्टे तं सोडाले तयार नव्हते म्हने. शेवटपर्यंत सांगत राहिले, असे लोक भेटत नाही."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "लय उपकार हाय तुमचे, भाऊ."

पाहुण्यांनी हात जोडले. खरं सांगायला तीच वेळ होती. मीही हात जोडले, आणि काकूंनी आग्रहानं वाढलेलं पोटभर जेवलो.